आत्याच्या पायडलची कुरकुर

आत्याच्या शिलाई मशीनच्या पायडलला चार थेंब तेल घातलं ते मी. कुणी सांगितलं नव्हतं. मला अधूनमधून चांगुलपणाचा झटका येतो, आणि तो आला की घरात कुणाचं तरी नुकसान ठरलेलं असतं.

दुसरी कुठली आत्या असती तर तिनं भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. आमच्या आत्यानं पायडल दोनदा दाबलं, कान टवकारले आणि पांढरीफटक पडली.

"काय केलंस रे?"

"तेल घातलं. तुझे गुडघे दुखतात ना, म्हटलं जरा हलकं..."

"अरे गाढवा, त्या कुरकुरीवर आपण जेवतो!"

यात एका अक्षराची अतिशयोक्ती नव्हती.

दीड वर्षापूर्वी मी गावाकडची पदवी आणि दोन सुटलेल्या नोकऱ्या घेऊन तिच्या खोलीत राहायला आलो. बसून खायची लाज वाटायची, म्हणून तिची शिवणकला जगाला दाखवायचं ठरवलं. फोन टेबलावर टेकवला, थेट प्रक्षेपण सुरू केलं, आणि फोन लगेच पालथा पडला. मला पत्ताच नाही. तासभर जगाला दिसला नुसता काळोख आणि ऐकू आलं, कुर्र-टक, कुर्र-टक. बंद करायला गेलो तर चाळीसएक माणसं टिकून होती. एकानं लिहिलं होतं, 'थांबवू नका, कितीतरी दिवसांनी डोळा लागतोय.'

माझ्या कर्तबगारीचा पाया हा असा पालथा घातला गेला.

मग रोज दुपारी दोन ते पाच आत्या मशीन चालवायची आणि जिथं त्या वेळी रात्र असते तिथली हजारो माणसं झोपायची. झोपण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर चंद्र-ताऱ्यांच्या भेटी पाठवायची. महिन्याच्या शेवटी त्यांचे पैसे व्हायचे. शिलाईपेक्षा पुष्कळ जास्त.

पण झोपणाऱ्या माणसाला बदल खपत नाही. कॉलर आली की मशीन थांबतं, काज आलं की लय मोडते, आणि लगेच तक्रारी. मी आत्याला म्हटलं, शर्ट बंद कर. मग गणवेश बंद केले. उरले पडदे, कारण पडद्याला सरळ टीप असते. शेवटी म्हटलं, दोरा तरी कशाला फुकट घालवायचा? तेव्हापासून एक चांगला हात बसलेली बाई रोज तीन तास बिनदोऱ्याची सुई जुन्या चादरीवर चालवायची. मी या प्रकाराला 'कंटेंट' म्हणायचो. स्वतःला मॅनेजर म्हणायचो. कार्डं छापली होती.

गिऱ्हाइकं आली की आत्या समोरच्या शिंपीमास्तरांकडे बोट दाखवायची. "आम्ही आता शिवत नाही." यातला 'आम्ही' खास ऐकण्यासारखा होता. 'शिवून मिळेल' ही पाटी काढून पलंगाखाली टाकायची कल्पना मात्र माझी.

आणि मग ते तेल.

त्याच दुपारी पहिल्या दहा मिनिटांत विचारणा सुरू झाली. 'मशीन बदललं का?' 'हा आवाज तो नाही.' मी सांधा रॉकेलनं पुसला, फुंकला, उन्हात ठेवला. तेल शिरलं ते शिरलंच. आठवड्यात चारातली तीन माणसं गेली. आत्यानं विचारलं, "जुनं रेकॉर्डिंग लाव की."

ते मी पुसून टाकलं होतं. फोनमध्ये जागा हवी होती. कार्डासोबतचे माझे फोटो बसत नव्हते.

मग मी कपाटाकडे वळलो. त्याची बिजागरी साधारण तशीच वाजायची. आत्या पायडल मारायची आणि मी शेजारी बसून दर टिपेला कपाटाचं दार उघडझाप करायचो. पन्नास मिनिटं. हात भरून आले. शेवटी एकच प्रतिक्रिया आली, 'हे दार आहे.'

आत्यानं फोन उचलून माझ्या हातात दिला. पलंगाखालून पाटी ओढून काढली, पदरानं पुसली आणि रस्ता ओलांडून मास्तरांकडे गेली. मी मॅनेजर म्हणून मागोमाग.

"या ताई," मास्तर कात्री न थांबवता म्हणाले. "झोपलेली गिऱ्हाइकं उठली वाटतं?"

"उठून गेली, मास्तर. ऑल्टरचे कपडे असतील तर द्या. पँटा आखूड करीन, चेन बसवीन."

"तुमच्याकडची सगळी इकडे आलीत. ती काही लगेच मागं फिरायची नाहीत."

"ठाऊक आहे. म्हणून तर मागायला आले."

मास्तरांनी कात्री ठेवली. काउंटरखालून एक गठ्ठा काढला. "परवापर्यंत द्या. आणि ताई, दोरा घालून शिवणार ना?"

आत्या हसली नाही. गठ्ठा मात्र घट्ट धरला. मी मध्ये पडून म्हटलं, "मास्तर, शिलाईच्या दराचं नंतर बघू," तर दोघांनी माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. मी पँटा मोजू लागलो.

आता पाटी परत लागलीय. मास्तरांचा गठ्ठा दर आठवड्याला येतो. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघी आल्या, त्यातली एक फक्त टोमणा मारायला. पैसे बेताचे. मी बटणं लावतो, बरीचशी सरळ. उरलेल्या कार्डांवर मापं लिहितो.

एकच माणूस अजून सुटत नाही. एक रुग्णवाहिका चालवणारा. रात्रभर गाडी हाकून दुपारी झोपतो, आमच्या आवाजावर झोपायचा. त्यानं वर्षभराची वर्गणी एकदम भरली होती, आणि त्यातले सात महिने बाकी आहेत. पैसे परत घेतो का विचारलं, तर म्हणाला, "पैसे नकोत हो, कुरकुर द्या." दर सोमवारी विचारतो, "झालं का मशीन?"

"दुरुस्तीला आहे," मी सांगतो.

पायडलच्या सांध्यावर दोन थेंब पाणी टाकलं तर महिन्याभरात गंज धरेल, हे मला कळतं. परवा वाटी भरून आणलीही होती. आत्या पँट आखूड करत बसली होती. पायडल नुसत्या पायाच्या बोटांनी चालत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी ती गुडघ्याला हात न लावता उठली.

"पाणी कशाला आणलंस?"

"तुझ्यासाठीच," म्हटलं. ती प्यायली. सोमवार उद्या आहे.