सी अम्मार अजून लॉगिन आहेत

दुसऱ्याचा कीबोर्ड पुसल्याशिवाय नजवा त्याला हात लावत नाही. तिच्या पिशवीत दुरुस्तीची हत्यारं खाली आणि स्पिरिटची बाटली, जुन्या बनियनची फडकी वर असतात. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर तिच्या हाताखालून गेले आहेत. माणूस किती घाणेरडा आहे ते त्याच्या कपड्यांवरून कळत नाही, त्याचा कीबोर्ड उलटा करून झटकला की कळतं, असं तिचं ठाम मत आहे. पावाचा चुरा, नखं, ऑलिव्हच्या बिया, आणि एकदा एका मोठ्या साहेबांच्या कीबोर्डातून चक्क दाताचा तुकडा पडला होता. त्या दिवशी तिला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

कीबोर्डाची किळस तरी पुसून जाते. माणसांची जात नाही. लोक पासवर्ड विसरतात आणि मशीनला शिव्या घालतात. डिस्क चित्रपटांनी तुडुंब भरून ठेवतात, मग लॉगिन होऊन पडदा काळा झाला आणि पुन्हा लॉगिनवरच आला की तोंड वर करून म्हणतात, ‘आम्ही काहीच केलं नाही.’ अपडेट आलं की ‘नंतर’ दाबतात, रोज दाबतात, वर्षभर दाबतात. कचेऱ्यांत लिनक्स आलं तेव्हा टायपिंगच्या खोलीतल्या बायका रडल्या होत्या. नजवा रडली नाही, ती शिकली. नवरा फ्रान्समधल्या मार्सेलला जाऊन तिकडचाच झाला होता आणि मुलगी शाळेत होती, रडायला सवड नव्हती. आता मुलगी नोकरीला लागली तरी नजवाच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. लोक म्हणतात, बाई कामाला चोख आहे, पण तोंडाजवळ जाऊ नये.

तिच्या आठीला फक्त एक माणूस हसायचा. तेल तपासणी कचेरीतले अम्मार; सगळे त्यांना मानानं ‘सी अम्मार’ म्हणत. गिरण्यांतून आलेलं ऑलिव्हचं तेल चाखून त्याची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. निळ्या काचेची वाटी तळहातात धरून ऊब द्यायची, घोट घ्यायचा, दातांतून हवा आत ओढायची, थुंकायचं, सफरचंदाची फोड खायची, मग पुढची वाटी. हंगामात ते लसूण खायचे नाहीत, अत्तर लावायचे नाहीत, दुपारपर्यंत कॉफीला शिवायचे नाहीत. सख्ख्या साडूचं तेल त्यांनी दुसऱ्या प्रतीत टाकलं होतं आणि त्यापायी घरात दोन वर्षांच्या ईदा अबोल्यात गेल्या होत्या. दाखल्यावर खाली ‘अम्मार बेन सालेम’ छापलेलं दिसलं की तेल घेणारे पुन्हा चाखायच्या भानगडीत पडत नसत.

नजवाला त्यांच्या खोलीत स्पिरिटची बाटली न्यायला बंदी होती. “ती बाहेर ठेव. माझं नाक मारशील,” असं ते म्हणायचे. आणि गंमत म्हणजे तिथं तिला बाटली लागतही नसे, कारण कीबोर्ड लखलखीत असायचा. पासवर्डावरून मात्र ती त्यांना झाडायची. बायकोचं नाव आणि लग्नाचं साल, असा पासवर्ड आख्ख्या कचेरीला पाठ होता.

“सी अम्मार, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल हो.”

“ओळखू दे की. इतक्या वर्षांत मला दुसरं नाव पाठच झालं नाही, त्याला मी काय करू?”

उन्हाळा संपता संपता सी अम्मार गेले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, कुसकुसाला, नजवा त्यांच्या घरी जाऊन आली, त्यांच्या बायकोचा, झोहरामावशीचा, हात धरून बसली. मग हंगाम सुरू झाला आणि कामाच्या रगाड्यात ती त्या कचेरीकडे फिरकली नाही. हिवाळ्याच्या ऐन मध्यात ट्युनिसच्या मुख्य कचेरीतून तिला निरोप आला, की स्फाक्सच्या चाखण्याच्या खोलीतलं मशीन दोन महिने अपडेट घेत नाही, जरा बघा. असले निरोप रोजचेच होते.

दारात शिपाई हमादी भेटला. बोलायला लागला की थांबत नसे तो.

“बाई, त्या खोलीत? त्या मशीनला हात लावू नका हं. तौफिकसाहेबांनी बजावलंय. झाडूवालीनं चुकून वायर हलवली, तर तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवली.”

“का रे? मशीन आहे का पाळण्यातलं मूल?”

“मला काय विचारता? मी आपला चहा नेतो. पण चहा मात्र रोज तिथंच न्यावा लागतो. साहेबांना आपली खोली सोडून तीच आवडायला लागलीय.”

खोलीत शिरताच नजवाच्या नाकात लसूण गेला. सी अम्मारच्या खोलीत लसूण. निळ्या वाट्या कपाटावर धूळ खात उलट्या पडल्या होत्या. कीबोर्ड तेलकट होता, अक्षरांच्या फटींत लाल मिरचीची चटणी, हरिसा, वाळून बसला होता, आणि शेजारी ट्यूना मासा भरलेल्या पावाचा अर्धा तुकडा कागदात गुंडाळून ठेवला होता. तिच्या अंगावर शिसारी आली. तिनं बाटली काढली, मग सवयीनं ती बाहेर ठेवायला वळली, आणि मग तिला आठवलं की आता नाक सांभाळायला इथं कोणी नाही.

पुसता पुसता माऊस हलला आणि पडदा उजळला. वरच्या कोपऱ्यात नाव होतं: अम्मार बेन सालेम. खाली दाखल्याचा तक्ता उघडा होता. आज सकाळी भरलेला, अजून पाठवायचा राहिलेला. प्रत: अव्वल. चाखणारा: अम्मार बेन सालेम.

नजवा खुर्चीवर बसली. पाणी कुठं मुरतंय ते कळायला तिला कुठं खोदायची गरज नव्हती. सी अम्मार मेले त्या दिवशी त्यांचं लॉगिन उघडं राहिलं होतं, आणि त्यानंतर कोणी ते मशीन बंदच केलं नव्हतं. मधेच पडद्याला कुलूप लागलं तर बायकोचं नाव आणि लग्नाचं साल. माणूस गेल्याचं साहेबांनी मुख्य कचेरीला कळवलं असतं तर खातं तेव्हाच मिटलं असतं, पण ते कळवलं नव्हतं. अपडेट का नको, तेही उघड होतं. दोन महिन्यांपूर्वीच्या अपडेटबरोबर नवा नियम आला होता, की मशीन नव्यानं सुरू झालं की नुसत्या पासवर्डावर भागत नाही, खातेदाराच्या फोनवर आकडा येतो, तो घालावा लागतो. खातेदार तर कब्रस्तानात होता.

टेबलावर आजच्या नमुन्याची बाटली होती. अव्वल. वरची चिठ्ठी साहेबांच्या मेव्हण्याच्या गिरणीची. नजवानं निळी वाटी पुसली, तळहातात धरली, घोट घेऊन दातांतून हवा ओढली. सी अम्मारनीच तिला शिकवलं होतं. तेल खवट होतं, ओलं राहून बुरशी चढलेल्या फळांचं, आणि घशात जुन्या चरबीसारखं चिकटून बसलं. ती उठून बेसिनपाशी थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात हे ती ऐकून होती. या माणसानं त्या लोण्याचा कारखाना काढला होता.

मग ती परत बसली. तिनं साठलेली सगळी अपडेट्स चढवली आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तिला त्याच कामाला पाठवलं होतं.

सी तौफिक, कचेरीचे मुख्य, आत आले तेव्हा पडद्यावर नुसती लॉगिनची चौकट होती. ते दारातच थबकले.

“लेल्ला नजवा,” ते नेहमीच्या अदबीनं म्हणाले, “हे तुम्ही काय केलंत?”

“अपडेट केलं, साहेब. ट्युनिसचा हुकूम होता.”

“मला विचारायचं तरी.” त्यांनी पुढे होऊन पासवर्ड ठोकला. बोटांना इतका सराव की बघायलाही लागलं नाही. पडद्यानं आकडा मागितला. त्यांनी खालचा ओठ चावला आणि आवाजात मध घोळला. “तुम्ही हुशार आहात. ही आकड्याची कटकट काढून टाका बरं. पाच मिनिटांचं काम आहे तुमचं.”

“ज्याचं खातं त्याच्या फोनवर आकडा आलाय. त्यांना विचारा.”

“थट्टा नको. माणूस गेला, काम थोडंच थांबतं? नवा चाखणारा ट्युनिसहून यायला वर्ष जाईल. घेणाऱ्यांना अम्मारच्या नावाची सवय आहे. नाव चांगलं आहे, वापरलं तर बिघडलं काय? उलट मान आहे तो.”

“मी ते तेल चाखलं, साहेब.”

“तुम्ही?” ते हसले. “तुम्ही कधीपासून चाखायला लागलात? तुमचं वर्षाचं कंत्राट पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर येतंय, त्याची चव आठवा.”

नजवाला त्यांचे दात दिसत होते, दातांत अडकलेलं हरिसाचं लाल, आणि तिला एवढंच वाटत होतं की या माणसानं आपल्या तोंडावर श्वास सोडू नये. कंत्राट गेलं तर घर चालणार नाही असं नव्हतं, पण ओढाताण झाली असती. तिनं हात मांडीवर ठेवले आणि कीबोर्डाला लावले नाहीत.

“ठीक आहे,” सी तौफिक म्हणाले. “तुमच्यावाचून अडत नाही.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. पलीकडे झोहरामावशीचा आवाज आला.

“लेल्ला झोहरा, मी तौफिक. तब्येत कशी आहे? कालच बायकोजवळ तुमची आठवण काढली. हे बघा, तुमच्या पेन्शनचंच काम घेऊन बसलोय. अम्मारचा फोन जवळ आहे ना? त्यावर आत्ता एक आकडा आला असेल, तेवढा वाचून दाखवा. मग तुमचं काम झालंच म्हणून समजा.”

“आहे की, उशाशीच असतो,” मावशी म्हणाल्या. “रोज चार्ज करते. कोणाचे कोणाचे फोन येतात अजून, ते गेल्याचं ठाऊक नसतं बिचाऱ्यांना. थांबा हं, चष्मा बघते.”

नजवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातल्या भिंतींशी बोलणाऱ्या बाईला हा माणूस पेन्शनचं गाजर दाखवत होता आणि तेही असं साळसूदपणे, जणू उपकार करतोय. सी तौफिकनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

“सापडला,” मावशी हळूहळू वाचू लागल्या. “‘अम्मार बेन सालेम, आपल्या खात्यातून आत्ता प्रवेश केला जात आहे.’ मग आकडा आहे. आणि खाली लिहिलंय, ‘हे आपणच आहात का? नसल्यास नाही असं उत्तर पाठवा.’ अगबाई. हे कोणाला विचारतायत? याला मी काय उत्तर देऊ?”

“ते सोडा हो. तसं छापील येतं. तुम्ही फक्त आकडा सांगा.”

“मावशी,” नजवा म्हणाली, “मी नजवा. इथंच बसलेय. हा आकडा पेन्शनचा नाही. सी अम्मारच्या नावानं इथं तेल पास होतंय. ते गेल्यापासून.”

सी तौफिकचा हात मोबाइलकडे झेपावला. नजवानं तो आधीच उचलला होता आणि फडक्यात धरला होता.

“कसलं तेल, पोरी?” मावशींनी विचारलं.

“खवट.”

“त्यांच्या नावानं?”

“अव्वल म्हणून.”

सी तौफिक म्हणाले, “लेल्ला झोहरा, ही बाई माझ्यावर डूख धरून आहे. पेन्शनच्या कागदावर सही माझी लागते, विसरू नका.” मग नजवाकडे वळून म्हणाले, “तू उद्यापासून या दारात पाऊल टाकायचं नाहीस.” पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाले, आणि तेवढंच त्यांचं खरं बोलणं होतं.

“माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं तेल त्यांनी पास केलं नव्हतं,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कोरडा झाला होता. “दोन वर्षं मी बोलले नाही त्यांच्याशी त्यापायी. नीट बोलले नाही. नजवा, यात ‘नाही’ कुठं लिहायचं?”

“खाली चौकट आहे, मावशी. तिथं.”

“ही अक्षरं किती बारीक. थांब. ना... ही... झालं. ‘नाही.’ पाठवलं.”

पडद्यावरची चौकट क्षणभर थांबली. मग अम्मार बेन सालेम हे नाव पुसलं गेलं आणि तिथं ‘खातं बंद करण्यात आलं आहे’ एवढंच उरलं. मेव्हण्याचं तेल आता ट्युनिसहून कोणीतरी येऊन चाखेपर्यंत बाटलीतच राहणार होतं. सी तौफिक पडद्याकडे बघत उभे होते, आणि हमादी चहाचा ट्रे घेऊन दारात कधी येऊन थांबला होता ते कोणालाच कळलं नव्हतं.

“गेलं का?” मावशींनी विचारलं.

“गेलं, मावशी.”

“इतके दिवस ज्याला त्याला सांगून झालं, ते नाहीत म्हणून. तुमच्या कचेरीला तेवढं राहिलं होतं.” त्या थोडं थांबल्या. “मग आता हा फोन चार्जिंगला लावायला नको, नाही का गं?”