हैतीची सुटका

पूनम सागर सोसायटीतल्या बबन सामंतांचा हैती देशावर भलताच जीव. त्यांची उभी नोकरी फोर्टात, एका जहाज कंपनीच्या ऑफिसात झाली. तिथे एकदा हैतीहून आलेल्या कॉफीचे कागद हाती पडले, आणि सामंत त्या बेटाच्या कायमचे नादी लागले. लोक दारूच्याही नादी लागतात, म्हणून त्यांच्या बायकोनं, शुभदावहिनींनी, कधी तक्रार केली नाही.

सोसायटीच्या वार्षिक पूजेला त्यांचं व्याख्यान ठरलेलं. पण नमनालाच घडाभर तेल! सुरुवात कोलंबसापासून. अमेरिकी फौज बेटावर उतरून एकोणीस वर्षं ठाण मांडेपर्यंत निम्मा हॉल पेंगायचा. पुढे एक डॉक्टर अध्यक्ष व्हायचा, स्वतःला तहहयात अध्यक्ष ठरवायचा, त्याचे गुंड घराघरांतून माणसं उचलायचे, आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी भूपेशभाई उठायचे. "बबनभाई, पावभाजी ठंडी हो रही है!" बेटाला हुकूमशहाच्या तावडीत सोडून मंडळी पावांवर तुटून पडायची. बबनरावांना मात्र घास उतरत नसे. एकदा, निदान एकदाच, त्यांना शेवटापर्यंत जायचं होतं.

यंदा पूजेच्या सकाळी तळमजल्यावरच्या हौसाबाईंनी त्यांना लिफ्टपाशी गाठलं. ही म्हातारी जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली, आता लेकाकडे राहणारी.

"भाऊ, ती मानसं सुटली का न्हाय? वरीसभर जिवाला घोर हाय. पुढल्या पूजेला मी हाय का न्हाय, कोनाला ठाव?"

सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण व्याख्याता तो व्याख्याता. "संध्याकाळी या," म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी छातीवर दगड ठेवून कोलंबसाला वगळलं. फौज आली, गेली. डॉक्टर मेला, तर नुकतं मिसरूड फुटलेला त्याचा पोरगा गादीवर. पेंगणारे सावरून बसले. भूपेशभाई उठू लागले, तशा हौसाबाई कडाडल्या, "बस रं खाली!" ते मुकाट बसले.

"मग लोक रस्त्यावर उतरले," बबनरावांनी आवाज चढवला. "गावंच्या गावं! शेवटी एका पहाटे तो पोरगा बायकोला घेऊन विमानात बसला आणि पळाला. लोक रस्त्यात नाचले."

"गेला मेला!" हौसाबाईंनी हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "सुटली बिचारी. आता सुखात हायत ना?"

बबनरावांनी तोंड उघडलं. पुढचंही त्यांना तोंडपाठ होतं. लष्कराची बंडं, पुन्हा उतरलेल्या परक्या फौजा, बंदुका घेऊन गल्ल्या वाटून घेतलेल्या टोळ्या. ज्या शेवटासाठी इतकी वर्षं जीव टाकला, तो शेवट नव्हताच. इतिहासात एक तारीख इकडची तिकडे झाली तरी ज्यांना झोप लागत नसे, त्या बबनरावांनी म्हातारीचे जोडलेले हात पाहिले आणि माईक जवळ ओढला.

"नाचतायत, हौसाबाई," ते म्हणाले, "अजून नाचतायत." आणि घाईघाईनं त्यांनी माईक बंद केला.