अकरावं कलम

वाचल्याशिवाय कशावरही सही न करणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमचे आतोबा. कोपरीत राहणारे, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. रजिस्टर पत्र आलं की पोस्टमनला ओटीवर बसवून, चहा पाजून, पावती दोन्ही बाजूंनी वाचत. स्वतःच्या लग्नात ‘नातिचरामि’ म्हणायची वेळ आली तेव्हा भटजींना थांबवून यांनी आधी अर्थ विचारला. मांडवात कुजबुज झाली, पण एकदा उच्चारलेला तो शब्द त्यांनी आत्याच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत निभावला.

स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांत आत्या गेली. मूलबाळ नव्हतं. आतोबांनी कल्याणच्या एका वृद्धाश्रमात जायचं ठरवलं आणि मी ट्रंक घेऊन पोचवायला गेलो. व्यवस्थापकांनी प्रवेशाचा करारनामा पुढे केला. अकराव्या कलमापाशी आतोबांनी चष्मा पुसला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नातलगांनी दोन दिवसांत घेऊन जावं, असं ते कलम. ज्याला नातलग नाहीत त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, सगळेच सही करतात, कोणी वाचत नाही. झालं! आतोबांनी व्हरांड्यात ट्रंकेवर बसून सगळा करारनामा खड्या आवाजात वाचला. म्हातारी माणसं गोळा झाली. त्यात ठाकुर्लीकडची, अंगठा उठवून आलेली एक आजी होती. तिला मागेपुढे कोणी नव्हतं.

“म्हंजे मी पडले तं मना भायेर काढणार?” तिने विचारलं.

जागा हातची जाईल या भीतीने मी आतोबांच्या कानाशी लागलो, आता सही करून टाका म्हणालो.

“अरे, सही केली की मी आत जाईन,” ते म्हणाले, “पण मग या बाईला बाहेर काढणाऱ्यांत मीही आलो.”

तीन दिवस ते व्हरांड्यात राहिले. चौथ्या दिवशी विश्वस्तांनी प्रत्येकाच्या करारनाम्यावरचं ते कलम खोडलं. मग आतोबांनी झोकदार सही केली.

पुढे ती आजी चार महिने अंथरुणावर होती. तिला कोणी हलवलं नाही. ती आपल्याच खाटेवर गेली. आतोबा स्वतः मात्र चालते-फिरते गेले, त्या खोडलेल्या ओळीची त्यांना गरजच पडली नाही. मी त्यांचा भाचा, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. आमच्या डोंबिवलीच्या घरी राहायला या, असं मी त्यांना एकदाच आणि तेही हळू आवाजात म्हणालो होतो, तेवढं सांगत नाही.