लाल गोळी आणि गुळाचा चहा

"आ कर. जीभ वर. हं, आता इकडं. आता तिकडं."

असं म्हणत नर्सबाई समोरच्या बाईची हनुवटी दोन बोटांनी धरायच्या आणि तोंडात असं वाकून बघायच्या, की आत काहीतरी हरवलंय असं वाटावं. गोळी गिळल्याची खात्री झाली की गालावर एक टिचकी, आणि लगेच पुढचीकडं. सगळं उभ्या उभ्या. आरोग्य केंद्रात त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, पण तिच्यावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांची पिशवी मात्र दिवसभर बसून असायची.

मी तिथं औषधं द्यायच्या खिडकीत होतो. अहमदपूरहून जळकोटकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं केंद्र. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. पाट्या बदलत होत्या, शिक्के बदलत होते, आणि जो तो दुसऱ्याला विचारत होता, "तुझी बदली कुठं?" त्यात दुष्काळ. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं छावणीत, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझं तर मुळीच नव्हतं. बसलं तरी चिडचिड, उठलं तरी चिडचिड. आणि त्यात तेल ओतायला या नर्सबाई.

त्या किनवटकडच्या. जंगलातल्या गावातून येऊन, वसतिगृहात राहून शिकलेल्या, बौद्ध घरातल्या. मी अहमदपूरचा, लिंगायत, वडिलांचं किराण्याचं दुकान. हे सांगायचं कारण पुढं येईल.

माणसाच्या तोंडाकडं बघून त्याच्या अंगात काय कमी आहे हे सांगायची त्यांना भयंकर खोड. एकदा एसटीत तिकीट काढता काढता त्यांनी कंडक्टरला विचारलं, "ओठाचे कोपरे कधीपासून चिरलेत?" तो म्हणाला, "बाई, सुट्टे द्या." त्या म्हणाल्या, "सुट्टे देते, पण 'बी' जीवनसत्त्व कमी पडून राहिलंय तुम्हाला. मोड आलेली मटकी खा." बस फिदीफिदी हसली. पुढच्या आठवड्यात तोच कंडक्टर माझ्या खिडकीशी पिवळ्या गोळ्या मागत उभा. मी दिल्या, पण चडफडत. कपाट माझं आणि ऑर्डरी यांच्या!

लहान पोरांना चमच्यानं 'अ' जीवनसत्त्वाचं औषध पाजायच्या तेव्हा आईलाही चार शब्द पाजायच्या. "संध्याकाळी ठेचकाळतंय का लेकरू? शेवग्याला पाणी लागत न्हाई फार. दारचा पाला ओरबाडून भाजी कर." लोकांना भाजी नको असायची, सुई हवी असायची. ताकदीची, लाल सुई. बाया दंड पुढं करूनच यायच्या.

आणि ते विरजण! जनावरं छावणीत गेली तशी घराघरातली विरजणंच मोडली. हगवणीच्या औषधानं पोरांची पोटं आणखी बिघडायची. नर्सबाई म्हणायच्या, "औषधानं वाईट जंतू मरतात, पण चांगलेही मरून राहिलेत. ते परत पेरायला ताक पाहिजे." मग अहमदपुरातून पितळेच्या डबीत विरजण घेऊन या बाई गावोगाव फिरायच्या. जिथं पावशेर दूध मिळालं तिथं एक बोटभर विरजण. मी म्हणालो, "बाई, ही डबी कुठल्या रजिस्टरला दाखवू?" त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही फक्त सावलीत ठेवा." आज मी बसतो त्या दुकानात तेच चांगले जंतू कॅप्सूलमध्ये भरून फ्रिजमध्ये बसलेत. बघितलं की मला ती डबी आठवते.

पण खरी गोष्ट लाल गोळीची.

रक्तवाढीची गोळी. लोह आणि फॉलिक ॲसिड. खडी फोडणाऱ्या बायांत गरोदर बऱ्याच होत्या आणि सगळ्या भाकरीच्या पिठासारख्या पांढऱ्या. त्यातली सुंदरबाई सगळ्यांत पांढरी. चौथा महिना. आधीची दोन लेकरं गेलेली, एक पोटात, एक जन्मल्या जन्मल्या. डॉक्टरांनी माझ्यासमोर नर्सबाईंना सांगितलं, "हिचं रक्त वाढलं नाही तर या खेपेला बाईच हातची जाईल." त्या दिवसापासून नर्सबाईंच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी विचारलं तरी सुंदरबाई, संध्याकाळी विचारलं तरी सुंदरबाई.

बाया गोळी घेईनात. ही लेकरं बंद करायची सरकारी गोळी आहे, अशी आवई उठलेली. नर्सबाईंनी कामावर जाऊन सगळ्यांसमोर स्वतः एक गोळी गिळली, आ करून दाखवला, आणि वर सांगितलं, "उद्या परसाकडं काळं होईल. माझंही होईल. घाबरायचं न्हाई." बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. भीती गेली. पण टँकरचं पाणी मचूळ, गोळी लोखंडासारखी लागायची, रिकाम्या पोटी ढवळायचं. मग नर्सबाईंनी तोड काढली. तीन दगडांची चूल, ॲल्युमिनियमचं पातेलं, पदरचा गूळ आणि चहापत्ती. कोरा, काळा, कडक चहा. ज्या बाईनं गोळी तोंडात टाकली तिला अर्धा कप. बायांची ही रांग लागली!

पहिल्याच दिवशी मी सायकलवर गोळ्यांचा डबा घेऊन तिथं गेलो होतो. त्यांनी मलाही कप पुढं केला. "घ्या भाऊ." मी म्हणालो, "मला चहा चालत नाही."

आता नीट ऐका. चहानं लोह अंगी लागत नाही, हे मला माहीत होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दगडांच्या चुलीसमोर उभा असताना मला ती ओळ डोळ्यांपुढं दिसत होती. आणि मी बोललो नाही. का? तर मला कुणी विचारलं नव्हतं. सगळीकडं यांचीच वाहवा, मला कोण विचारतो? विचारलं असतं तर सांगितलं असतं. असं मी सायकल मारत स्वतःला समजावत परत आलो.

सहा आठवडे. रोज गोळी, रोज चहा, रोज "आ कर." मग नर्सबाईंनी बोटाला टोचून रक्ताचे थेंब टीपकागदावर घेतले आणि रंगाच्या पट्टीला लावून पाहिले. सुंदरबाईचा थेंब होता तिथंच. जरा फिकाच म्हणा.

त्या दिवशी नर्सबाईंचा तोल सुटला. केंद्राच्या ओसरीत, दहाजणींच्या देखत, त्या सुंदरबाईवर ओरडल्या. "थुकतीस तू! मी वळले की थुकतीस! पोटातल्या लेकराची तरी दया कर की गं!"

"म्या गिळते बाई," सुंदरबाई रडत म्हणाली. "आईची आन. रोज गिळते. तुमी तोंडात बघता की."

"मग जाती कुठं गोळी?"

 ती स्वतःच पोटावर हात ठेवून, आपलंच काहीतरी पाप असावं अशी, भिंतीला टेकून राहिली. मी खिडकीतून बघत होतो. 

दुपारी नर्सबाई खिडकीशी आल्या. "भाऊ, डबा भरून द्या. आता तिला दोन दोन देते."

"दोन देऊन काही होणार नाही," मी म्हणालो. "चहा बंद करा."

"म्हणजे?"

सांगितलं. चहातलं काय लोहाला धरून बसतं, किती वेळ आधी आणि नंतर घ्यायचा नाही, सगळं. परीक्षेत लिहिलं होतं तसं.

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

नर्सबाईंनी खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. आणि त्या बसल्या. मला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आपल्या हातांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणून तुम्ही त्या दिवशी माझ्या हातचा चहा घेतला नाही का, भाऊ?"

मी म्हणालो, "हो."

खोटं. साफ खोटं. घरी मी दिवसाला चार कप चहा प्यायचो. त्यांच्या हातचा का नको होता, ते मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नसतो. तुम्ही समजलाच असाल. मला आजही लाज वाटते.

त्या उठल्या. मी 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची अख्खी बरणी काढून दिली. "ही सोबत द्या. यानं लोह चांगलं लागतं." बरणी काखोटीला मारून त्या भर उन्हात कामाकडं निघाल्या. मी बरोबर गेलो नाही. छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाया माझ्याकडं बघून हसल्या, आपापसात काही बोलल्या. मला वाटलं, सांगितलं बाईंनी सगळं. आता माझी छी थू चाललीय. मी महिनाभर मान वर केली नाही.

महिन्यानं सुंदरबाईचा थेंब पट्टीवर एक घर पुढं सरकला. नर्सबाई तो कागद घेऊन डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना दाखवत सुटल्या. मलाही दाखवला. "बघा भाऊ, बघा!" जणू आमच्यात काही झालंच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात त्यांची बदली आली, लातूर ज्यातून फुटला त्या जुन्या जिल्ह्यात. सुंदरबाईला सातवा लागलेला. निघताना त्यांच्या हातात ट्रंक, काखेत विरजणाची डबी. म्हणाल्या, "भाऊ, सुंदरबाईच्या तोंडात आता तुम्ही बघायचं."

"मी? बाईमाणसाच्या? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. बघायचं."

बघितलं. खिडकी सोडून रोज सायकल मारली. कामावर सगळ्या हातोड्या थांबायच्या आणि मी जमिनीकडं बघत म्हणायचो, "आ करा." बाया खो खो हसायच्या. सुंदरबाईचा नवरा म्हणायचा, "सायेब, तोंड वर हाय तिचं, खाली न्हाई." मलाही मग हसू यायचं. त्या दिवसांत चिडचिड कमी झाली माझी, हे मागाहून लक्षात आलं.

सुंदरबाईला मुलगी झाली. दोघी धडधाकट. मी नर्सबाईंना कार्ड टाकलं. उत्तर आलं ते चारच ओळींचं. मुलीचं वजन कळवा. आईची गोळी चालू ठेवा. डबीतलं विरजण इथं लागलं. आणि शेवटी एकच शब्द, चहा, त्यापुढं प्रश्नचिन्ह.

मी वजन कळवलं. माझ्या त्या 'हो'बद्दल लिहायला तीनदा कार्ड घेतलं आणि तीनदा दुसरंच काही लिहिलं. पुढं त्यांचे पत्ते बदलत गेले. मग एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की त्या गेल्या. नोकरीत असतानाच, कुठल्याशा खेड्यात फिरतीवर.

आता मी लातुरात मुलाच्या औषधाच्या दुकानात बसतो. फळीवर कॅल्शियम, झिंक, बारा नंबरचं बी, रंगीत बरण्या. लोक म्हणतात, "काहीतरी ताकदीचं द्या." मी विचारतो, "चहा कधी घेता?" मुलगा वैतागतो. "बाबा, गिऱ्हाईक पळतंय."

मागच्या उन्हाळ्यात एक चाळिशीची बाई दहावीतल्या लेकीसाठी लोहाच्या गोळ्या घ्यायला आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "चहासोबत द्यायची न्हाई, ठाऊक हाय काका. आमच्या घरात तर गोळी गिळली की आ करून दाखवायची रीतच हाय."

मी गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. "आईचं नाव काय तुझ्या?"

"सुंदरबाई. खडीच्या कामावर व्हती ना, तवा एक नर्सबाई व्हत्या. त्यांनी आईचे पाय धरले भर कामावर. म्हणल्या, माझीच चूक झाली, तुला उगं बोलले. आमच्या औषधवाल्या साहेबांनी शोधून काढलं म्हणून तू वाचणार. आई अजून त्या साहेबांचं नाव काढती."

शोधून काढलं! माझी छी थू नव्हती ती. त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि मला चांगलं ठेवलं होतं.

"आई कुठाय?"

"ही काय, रिक्षात बसली हाय."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो. रिक्षात जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक म्हातारी. तिनं मला न्याहाळलं, ओळखलं, आणि आ केला. जीभ वर. दोनच दात उरले होते. आणि स्वतःच हसायला लागली.

मीही हसलो, आणि मग मला राहवलं नाही. "सुंदरबाई, मी काही शोधून काढलं नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सहा आठवडे मी गप्प बसलो. तुम्ही ओसरीत रडलात, तेव्हा बोललो."

तिचं हसू थांबलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ती लेकीकडं बघत राहिली, गोळ्यांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या त्या लेकीकडं. मग हात लांब करून तिनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरली.

"आता तुमी आ करा."

भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या देखत, मी आ केला. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि गालावर टिचकी मारली.

"आत काई राहिलं न्हाई सायेब आता."

रिक्षा गेली. राहिलं होतं एक, ते 'हो'. पण ते नर्सबाईंना सांगायचं होतं.