बारा ते तीनची रेघ

"कान धर," साहेब म्हणाले. मी धरला.

"दोन्ही."

मी ओला फडका खांद्यावर टाकला आणि दुसराही धरला. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई. साहेब माझ्याहून लहान. हॉलमधल्या सगळ्यांनी खुर्च्या माझ्याकडे फिरवल्या. कोणीतरी हसले. मालक, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, ते हसले नाहीत. पण थांबा असेही म्हणाले नाहीत.

मला कोणी मारले नव्हते. हात माझेच होते आणि ते आपसूक वर गेले. पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत घंटा झाल्यावर उशिरा आले की गुरुजी कान धरायला लावायचे. चौथीनंतर शाळा सुटली. हातांना ते पाठ राहिले.

ते ऑफिस नाशिकमध्ये, अंबडच्या रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर होते. झाडू, फरशी, चहा हे माझे काम. ऑफिस दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळायचे. पण त्या ज्यावर चालतात ते सर्व्हर तिथे नव्हतेच. ते दूर कुठेतरी, भाड्याने घेतलेले. आमच्यातल्या कोणी ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक प्रोग्रॅम आपोआप त्यांच्यावर नजर ठेवायचा. कोणत्या सर्व्हरवरून किती डेटा जातो-येतो, त्याची हिरवी रेघ काढायचा. वरती लाल रेघ होती, ती मर्यादा. हिरवी लालला टेकली की घंटा वाजायची. मग साहेबांनी त्या सर्व्हरची मर्यादा वाढवायची. तेवढ्यासाठीच ते समोर बसलेले असत.

मला ती रेघ आवडायची. आमच्या गावामागच्या डोंगरासारखी. दुपारच्या चहाची भांडी धुऊन झाली की मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीने ती रेघ उतरवायचे. खाली किती वाजले ते आकडे. कोणाला दाखवले नाही. दाखवायचे कोणाला?

त्या मंगळवारी एका कॉलेजचा निकाल होता. बाराला घंटा वाजली. बाकीचे पलीकडच्या खोलीत जेवत होते. साहेब त्यांच्या कॉम्प्युटरवर क्रिकेटची मॅच बघत होते. त्यांनी बटण दाबून घंटा बंद केली. "ही बया सारखी वाजते, एक ओव्हर नीट बघू देत नाही," म्हणाले आणि परत मॅचकडे वळले. मी खिडकी पुसत होते. त्यांनी मला पाहिले. मी खाली पाहिले.

हिरवी रेघ तीन वाजेपर्यंत लालला टेकून होती. कॉलेजची साइट बंद पडली. पोरांना निकाल दिसला नाही.

शुक्रवारी मोठे साहेब मुंबईहून आले. आवाज चढलेला. "घंटा कोणी बंद केली?"

"सर, ही पुसताना कीबोर्डवर हात टाकते. हिनेच केली असणार. आणि तशी रेघ काही फार वर गेली नव्हती. बघा." साहेबांनी महिन्याचे चित्र उघडले. मंगळवारी एक लहानसा उंचवटा. बस.

माझ्या तोंडून निघून गेले, "वर होती. तीन वाजेपर्यंत."

"घ्या! चौथी पास आता आम्हाला ग्राफ शिकवणार. कान धर. परत हात लावणार नाही म्हण."

मी म्हणाले, "नाही लावणार."

कान धरल्याचे एक वेळ विसरले असते. पण हे दोन शब्द बोलून मी न केलेले कबूल केले. ते मला झोपू देत नाहीत.

संध्याकाळी मोरीपाशी तिथल्या एक इंजिनिअर मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमचं बरोबर होतं. रोजचं चित्र एकाच दिवसाचं असतं. महिन्याच्या चित्रात प्रोग्रॅम कितीतरी तासांची सरासरी काढतो. जुनं झालं की डोंगराची टेकडी होते."

"मग तुम्ही बोलल्या का नाही?"

त्यांनी नळ बंद केला. "मला इथंच काम करायचंय, मावशी."

शनिवार-रविवार मी घरी होते. शेजारच्या देवळात घंटा वाजली की माझे हात कानाकडे जायचे. धाकटी म्हणाली, "आई, कान दुखतो का गं?" मी हात पदरात लपवले.

सोमवारी कॉलेजची माणसे तक्रार घेऊन आली. मोठे साहेबही होते. साहेबांनी मला हाक मारली. "हीच ती बाई. दाखव गं कान धरून, यांचीही खात्री पटू दे."

हात उठले. खांद्यापर्यंत आले. तिथे मी ते थांबवले. पिशवीतून कॅलेंडरचे पान काढले आणि टेबलावर ठेवले.

"ही मंगळवारची रेघ. बारा ते तीन. घंटा तुम्ही बंद केली. मी नाही. कान मी धरणार नाही."

 सगळ्यांना ऐकू गेले.

"कागदावर काय, काहीही काढता येतं," साहेब म्हणाले. मोठ्या साहेबांनी पान उचलले, बघितले, घडी घालून खिशात टाकले. "तू उद्यापासून येऊ नकोस."

"माझा कागद द्या."

दिला नाही.

याला खूप वर्षे झाली. लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून दे. जुने झाले की सपाट करायचे, हे त्या प्रोग्रॅमचे काम. माझे नाही. ती रेघ मला पाठ आहे. हे लिहिते आहे त्या वहीच्या पहिल्या पानावर मी ती पुन्हा काढली आहे, खाली आकड्यांसकट.

घंटा वाजली की हात अजून उठतात. उठू देत. कानापर्यंत जाणार नाहीत. "नाही लावणार" म्हणाले, ते मी आज परत घेते. मी हात लावलाच नव्हता. घंटा साहेबांनी बंद केली. मंगळवारी, दुपारी बारा वाजता. कोणी विचारो न विचारो, मी हे असेच सांगणार.