दादाची मिशी आणि माझी पहिली कथा

“कोण गेलं रं? आधी कोण गेलं ते सांग!”

आई अंगणात एका हाताने छाती बडवून ओरडत होती. समोर माझा थोरला भाऊ सदादादा. अंगात लष्करी वर्दी, पायाशी ट्रंक, डोक्याचा गुळगुळीत गोटा आणि मिशीच्या जागी पांढरा पट्टा! तो भूत बघितल्यासारखा आईकडे बघत होता. कारण जिच्यासाठी त्याने डोकं-मिशी भादरली होती, तीच हातात सूप घेऊन त्याला विचारत होती.

या सगळ्याला मराठी साहित्य जबाबदार होतं. (आमच्या घरात मराठी साहित्य म्हणजे मी.)

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीच्या एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली. पहिलीच! बातमी मी मिरजेपासून तासगावापर्यंत वाजवली, एस.टी.च्या कंडक्टरलाही सोडलं नाही. मग कागद घेऊन बसलो. तीन आठवडे बसलो. ‘सूर्य मावळत होता’ एवढंच सुचलं. रोज लिहायचं, रोज खोडायचं. बिचारा सूर्य तीन आठवडे मावळत होता! शेवटी संपादकांचं कार्ड आलं: दसऱ्यापर्यंत कथा न आल्यास तुमच्या पानांवर खताची जाहिरात जाईल.

त्याच दिवशी आई म्हणाली, “सद्याला पत्र लिव. म्हणावं, जरा पडसं झालंय, बाकी बरं हाय.”

लिहायला बसलो आणि काय सांगू! पेन सुटलं ते उधळल्या बैलासारखं. ‘आई आता बोलत नाही. नुसती दाराकडे बघते. बूट वाजल्याचा भास झाला की तिचे ओठ हलतात. आबा पाठ फिरवून डोळे पुसतात. आता फार तर चार दिवस...’ चार पानं! पडसं कुठल्या कुठे गेलं. लिहिताना मी स्वतः दोनदा रडलो.

“वाच बरं,” आई म्हणाली.

“जरा पडसं झालंय, बाकी बरं हाय,” मी वाचलं.

“एवढ्याला चार पानं?”

“शुद्ध भाषेत लांबतं गं!”

पत्र टाकलं आणि पुन्हा कथेला बसलो. पुन्हा सूर्य!

तिकडे काश्मीरात दादाला तातडीची रजा मिळाली. रेल्वेत रडत रडत तो मिरजेला उतरला, बोटांवर दिवस मोजले, आई गेलीच असणार असं धरलं आणि स्टेशनाबाहेरच न्हाव्यापुढे बसून सगळं उरकून आला. (फौजी माणूस, काम मागे ठेवत नाही.)

आईचा हिशेब निराळा. “मिशी काढलीय म्हंजे आई न्हाईतर बा! मी तर हितं हुबी हाय... म्हंजे ह्यास्नीच काय तरी झालं!”

आमचे वडील, आबा, सकाळीच हळद घेऊन सांगलीला गेलेले. आईने सूप फेकलं, हंबरडा फोडला, गल्ली गोळा झाली. कुणी बांबू आणायला धावलं. शेजारच्या म्हातारीने आबांचे गुण गायला घेतले, तेव्हा आबांना एवढे गुण आहेत हे आम्हाला प्रथमच कळलं! तेवढ्यात रिकामी पोती खांद्यावर टाकून आबाच गर्दीत शिरले.

“कोण गेलं रं?” त्यांनी पुढच्याला विचारलं.

“तुमी!”

मग दादाने खिशातून चार पानं काढून सगळ्यांदेखत वाचली. वाचून झाल्यावर कमरेचा पट्टा काढला. तिसऱ्या फटक्याला मी धीर करून विचारलं, “दादा, पण पत्र कसं वाटलं?”

पट्टा हवेतच थांबला. “अख्खी बराक रडली, गड्या. सुभेदारसाहेबांनी तर दोनदा वाचून घेतलं, दोन्ही बारीला रडले.”

संपलं! ज्याच्या लेखणीने सुभेदार रडतो, त्याला संपादक काय खातो? चौथा फटका मी पुरस्कार म्हणून घेतला. दिवस मावळायच्या आत दादाची मिशी, आबांची हुकलेली अंत्ययात्रा, सगळं कागदावर उतरवलं. एक शब्द खोडला नाही! दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दुपारी, सांगलीला जाऊन कथा संपादकांच्या हातात ठेवली.

अंक आला. कथा छापलेली, वर माझं नाव. (खताची जाहिरात पुढच्या पानावर गेली.) मी ओसरीवर बसून सगळ्यांना ती वाचून दाखवली. आबा हसले. दादाची रजा अजून संपायची होती आणि मिशी परत उगवली होती, म्हणून तोही हसला. आई मात्र शेवटपर्यंत सूप पाखडत ऐकत होती.

“आई, कशी वाटली?” मी छाती फुगवून विचारलं.

“चांगली हाय,” आई म्हणाली. “सद्याला पत्र हितनं फुडं पोस्टमन लिवंल.”