अनुभवाच्या रकान्यातलं शून्य
बर्फातल्या कोळंबीचा वास आला की मला अलिबागचा तो सरकारी रोजगार मेळावा आठवतो. होडी विकल्यावर घर चालवायला बायकोला नोकरी हवी होती. तिचा अर्ज मीच भरला आणि दाखल्याशिवाय काही लिहायचं नाही या माझ्या सवयीने अनुभवाच्या रकान्यात शून्य घातलं. मंडपात उकाडा होता, पंख्यापाशी गर्दी होती. रोजगार कार्यालयाच्या बाईंनी अर्ज वाचून तिला विचारलं, "आजवर काय काम केलंत?" ती म्हणाली, "काय न्हाय बाय, एकवीस वर्षं मासली निवडली न् इकली." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग हे शून्य कुणी लिहिलं?" ते खोडून त्यांनी एकवीस लिहिलं आणि तिला स्वतः मासळी कारखान्याच्या टेबलापाशी नेलं. तिथल्या साहेबांनी नमुन्याची पेटी उघडली. "ही कोळंबी किलोला किती बसेल?" तिने मूठभर उचलून हातातच जोखली. "चालीस. फार तर एखादी जास्त." साहेबांनी किलोभर तोलली, मी एकेक मोजली. एकेचाळीस भरली. "सोमवारपासून प्रतवारीला या," साहेब म्हणाले. परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसलो, तेव्हा ती शेजारी उभी राहून म्हणाली, "काय ओ, शून्याला खिडकी द्याल का?" मी उठून तिला खिडकी दिली. आज तिच्या हाताखाली बारा जणी प्रतवारी करतात, आणि एसटीत खिडकी अजून तिचीच असते.